पाळी गेल्यावरची हॉर्मोन्स: गायनॅक म्हणतात घ्या, फिजिशियन म्हणतात नको (मदत हवी आहे)

नमस्कार,

वय 51, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गर्भपिशवी आहे. बीपीची एक गोळी चालू आहे, बीपी आटोक्यात. शुगर नाही. पण बाबांना 54व्या वर्षी अटॅक आला होता, आणि सगळं तिथेच अडतंय.

त्रास वाफांचा. परवा पोळ्या लाटता लाटता मानेतून अशी वाफ उसळली की गॅस बंद करून फ्रीजचं दार उघडून उभी राहिले. लेक विचारतोय, "आई, काय शोधतेयस?" रात्री तीन-चारदा घामाने जाग येते. नवरा दुलईत, मी पाचवरच्या पंख्याखाली. जवस, सोयाबीन, शतावरी सगळं करून झालं.

गायनॅकनी हातावर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुचवली आहे. (गर्भपिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर वाढून कॅन्सरची भीती असते.) आमचे फिजिशियन मात्र ऐकताच म्हणाले, "हात लावू नका, अटॅकला आमंत्रण." गंमत म्हणजे दाखला दोघांचाही एकच, अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या पाळी गेलेल्या बायकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा!

म्हणून स्वतःच वाचायला बसले. त्यातला दोन्ही हॉर्मोन्सचा भाग 2002 मध्ये मधेच थांबवला. 16,608 बायका, सरासरी वय 63, म्हणजे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. औषध गोळीतून, आणि त्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं (हो, खरंच). हृदयविकार वर्षाला दर 10,000 बायकांमागे 7ने जास्त निघाले. तीच वाढ टक्क्यांत मांडली की 29, आणि गाजला तो हा आकडा.

पुढे 2016 मध्ये एलिट नावाचा अभ्यास आला. पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत सावकाश जाड होते, दहा वर्षांनंतर सुरू केलं तर काही फरक नाही. पण मोजली ती भिंत, अटॅक नव्हे. शिवाय तिथेही गोळीच होती. गोळी आधी यकृतातून जाते म्हणून गुठळीचा धोका, जेल कातडीतून थेट रक्तात, हे गायनॅकचं म्हणणं पटतं. तरी फिजिशियनना अगदी वेड्यात काढवत नाही.

हृदय सांभाळायला म्हणून हॉर्मोन्स घेऊ नयेत, यावर दोघांचंही एकमत आहे. मलाही ती वाफांसाठीच हवीत.

बीपी आणि घरात हृदयविकार असताना जेल सुरू केलेलं इथे कुणी आहे का? नंतर बीपी हललं का? माझी मॅमोग्राफी आणि लिपिड प्रोफाइल झालंय. तुम्हाला एको किंवा स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली होती का? कार्डिओलॉजिस्टकडे जायचं तर नेमकं काय विचारू?

"वय झालं, सोसायचं" हे कृपया लिहू नका, ते सासूबाईंकडून रोज मिळतं. गुरुवारी गायनॅकची वेळ घेतलीय, त्याआधी कुणी लिहिलं तर बरं होईल.