न केलेल्या गृहभेटींची नोंद आणि प्रमुखाची मूल्ये

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या एका लहान संस्थेची जबाबदारी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. आमच्या सहा कार्यकर्त्या गावोगावी गृहभेटी देतात. प्रामाणिकपणा आणि करुणा ही दोन्ही मूल्ये मी मनापासून मानते. परंतु या पावसाळ्यात ती एकमेकांसमोर उभी ठाकली. एका ताईंनी चार भेटी न देताच वहीत लिहिल्या. विचारले तेव्हा त्या रडू लागल्या. पांदण रस्ता चिखलाने बंद असल्यामुळे फाट्यावरूनच परतावे लागले होते आणि भेटी कमी भरल्यास मानधन कापले जाईल, अशी त्यांना धास्ती होती. मी त्यांना एकांतात समज देऊन विषय मिटवला. आता इतर जणी याला पक्षपात म्हणतात. माझे कोठे चुकले?

उत्तर १ (गडचिरोली)
ताई, माफ करण्यात चूक नाही, परंतु ती नोंद वहीत तशीच राहिली असेल तर चूक आहे. १९९० च्या दशकात आमच्या जिल्ह्यात ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचे काम उभे केले, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. अशा कामात दगावलेले बाळ नोंदीतून सुटले, तर ते कशाने दगावले हेही कधी कळत नाही. आपल्याकडे न झालेली भेट म्हणजे एखादी एकटी पडलेली बाई महिनाभर कोणाशीच मनातले बोललेली नसते आणि वही मात्र तिची विचारपूस झाल्याचे सांगते. वाईट बातमी आणणाऱ्या कार्यकर्तीशी प्रमुख कसा वागतो, यावर वहीचा खरेपणा अवलंबून असतो. ‘रस्ता बंद, भेट झाली नाही’ असे लिहिण्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि त्या दिवसाचे मानधन कापू नये. पैसे आकड्याला बांधले की आकडाच तेवढा भरला जातो.

उत्तर २ (अमरावती)
गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात स्वच्छतेबद्दल बोलत. त्या पांदणीने आपण स्वतः किती वेळा गेला आहात?

उत्तर ३ (धानोरा तालुका)
मला एकांतात विषय मिटवणे खटकले. आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. वेळ लागतो, पण ठरलेले सर्वांना आपले वाटते. त्या ताईंची चूक चारचौघांत अजिबात मांडू नये. मानधनाचा नियम मात्र सर्वांसमोर ठेवावा, कारण त्याचा जाच सहाही जणींना होत असणार.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे आभार. भेटींचा आकडा मीच ठरवला होता, हे मी प्रश्नात लिहायचे टाळले होते. काल त्या ताईंसोबत पांदणीने चिखल तुडवत गेले, तेव्हा चारपैकी दोनच घरे गाठता आली. एका घरी सासूबाईंनी आधी विचारले, “इतके दिवस कोणी का नाही आलं?” वहीत आज दुरुस्ती केली असून, निधी देणाऱ्यांकडे गेलेल्या अहवालात त्या चार भेटी धरल्या गेल्याचे कळवणारे पत्र माझ्या सहीने पाठवत आहे. मानधनाच्या नियमासाठी शनिवारी सर्व जणी एकत्र बसणार आहोत.