काचेच्या शटरची मागची खाच पलटल्यावर सरकते : सीएनसीवरील कामाबाबत सल्ला हवा

गोलागलता यांचा प्रश्न :

नमस्कार. १८ मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीच्या) अखंड तुकड्यातून कपाटाची काचेची शटर तयार करत आहे. यंत्र सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारे, तीन अक्षांचे असून त्याला व्हॅक्यूम बेड (हवेच्या ओढीने तुकडा धरून ठेवणारा पाट) आहे. ४५० × ७०० मिमीचे तुकडे पॅनेल सॉवर कापून घेतो, डाव्या व खालच्या थांब्याला टेकवून दर्शनी बाजूने ६ मिमी खोलीची प्रोफाइल (कडेची नक्षीदार घडण) काढतो आणि लगेच ३३० मिमी रुंदीचा काचेचा गाळा आरपार कापतो. नंतर तुकडा पुस्तकाच्या पानासारखा पलटून त्याच दोन थांब्यांना टेकवतो आणि मागून १० मिमी रुंद, ९ मिमी खोल खाच घेतो. त्या खाचेत ४ मिमीची काच बसते व वरून बीडिंग पट्टी येते.

अडचणी तीन आहेत. समोरून पाहता डाव्या बाजूला खाचेची रुंदी ११.२ मिमी भरते आणि उजव्या बाजूला ८.८ मिमी, वर आणि खाली मात्र ती बरोबर १० मिमी असते. दुसरे म्हणजे, काचेच्या पुढे उरणारा ओठ काही शटरना ९ मिमी, तर काहींना ८.७ मिमी भरतो. तिसरे, प्रोफाइलवर लव (बारीक तंतू) उठते आणि कोपऱ्यांत जळाल्याचे तपकिरी डाग पडतात. स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर आहे, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ३ मीटर आणि बिट, म्हणजे कापणारे टोक, दोन पात्यांचे. यंत्राचे अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये ढिलाई असावी असे वाटून एक वर्तुळ कापून पाहिले, पण ते सर्व दिशांनी सारखे भरले. तरीही स्क्रू बदलावा काय?

गुण्या यांचे उत्तर :

स्क्रूला हात लावू नका. आपण दिलेल्या मापांतच उत्तर आहे. वर-खाली खाच बरोबर येते आणि डावी-उजवीकडेच चुकते, याचा अर्थ दोष पलटण्याच्या दिशेशी जोडलेला आहे. पानासारखे पलटल्यावर खालची कड पुन्हा खालच्याच थांब्याला टेकते; पण डाव्या थांब्याला आता शटरची उजवी कड येते. प्रोग्रॅम तुकड्याची रुंदी नेमकी ४५० धरून चालतो, आणि प्रत्यक्षात ती कमी असेल तर जितकी कमी तितकी संपूर्ण खाच सरकते. एका बाजूला १.२ मिमी वाढ आणि दुसऱ्या बाजूला १.२ मिमी घट दिसते आहे, म्हणजे आपला तुकडा ४५० नसून ४४८.८ च्या आसपास असला पाहिजे. चूक एकदाच होते, पण दोन्ही बाजूंची तुलना केल्यावर ती दुप्पट, म्हणजे २.४ मिमी भासते. त्यामुळे यंत्र बिघडल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. एक तुकडा कॅलिपरने मोजा आणि कर्णही मोजून तो गुण्यात (काटकोनात) आहे ना ते पाहा.

उपाय असा की दोन्ही वेळा शटरची एकच कड आधार म्हणून वापरावी. पहिल्या वेळी डावा थांबा वापरला असेल, तर पलटल्यावर उजव्या बाजूला थांबा लावावा आणि प्रोग्रॅमचे शून्यही त्या कडेवर घ्यावे. मग तुकडा ४४८ असो वा ४५१, खाच प्रोफाइलच्या मागे बरोबर येईल. बाहेरचे मापही अचूक हवे असेल, तर तुकडा थोडा मोठा घेऊन बाहेरची कड शेवटी यंत्रावरच कापावी; तसे करताना टाकाऊ भागात, पलटण्याच्या मध्यरेषेवर, दोन आरपार भोके घेऊन बेडवरील पिनांत तुकडा बसवावा लागतो. मात्र त्या पिना मध्यरेषेवरून जरा जरी हलल्या, तर तीच दुप्पट चूक पुन्हा घडेल.

ओठाच्या जाडीचे कारणही याच जातीचे आहे. आपण खाचेची खोली मागच्या पृष्ठभागावरून मोजत असणार. एमडीएफचा तुकडा १७.७ मिमी निघाला की ९ मिमी खाच घेतल्यावर ओठ ८.७ उरतो. मागची बाजू वर असताना दर्शनी बाजू बेडला टेकलेली असते, म्हणून त्या वेळी झेडचे (उभ्या अक्षाचे) शून्य बेडवर घ्यावे आणि बिटाचे टोक बेडपासून ९ मिमी वर थांबवावे. प्रोफाइलसाठी मात्र शून्य दर्शनी पृष्ठभागावरच घ्यावे, कारण तिरक्या किंवा गोल बिटाची खोली थोडी बदलली तरी प्रोफाइलची दिसणारी रुंदी बदलते. अशा रीतीने सगळी मापे एकाच पृष्ठापासून निघतात आणि जाडीतला फरक बीडिंग पट्टीच्या बाजूला, म्हणजे नजरेआड जातो. हाताने काम करणारे सुतार रंधा मारल्यावर एका पृष्ठावर व एका कडेवर खूण करून सर्व मापे तिथूनच घेतात. सीएनसी आल्यावर ही सवय का सुटली हे मला आजवर उमगलेले नाही. अर्थात बेडवर शून्य घ्यायचे तर स्पॉइलबोर्ड (बेडवरची टाकाऊ फळी) नुकताच सपाट करून घेतलेला असला पाहिजे आणि तुकडा पलटण्यापूर्वी खालचा भुसा पूर्ण झटकला पाहिजे.

पटाशी यांचे उत्तर :

वरील निदानाशी सहमत आहे. मी कामाचा क्रमही बदलण्यास सुचवेन. गाळा आधी कापल्यामुळे व्हॅक्यूमची पकड उरलेल्या अरुंद चौकटीवर येते आणि पुढचे सगळे काम थरथरत होते. त्याऐवजी मागची बाजू आधी घ्यावी, पण संपूर्ण गाळा न पोखरता भोवताली फक्त चर काढावा. चराची बाहेरची कड खाचेची असावी आणि रुंदी खाचेपेक्षा १० ते १२ मिमी जास्त असावी. मधला भाग पूर्ण जाडीचा राहिल्याने पलटल्यावरही तो बेडवर टेकलेला राहतो, आणि चर चारही बाजूंनी बंद असल्याने हवा गळत नाही. मग दर्शनी बाजूने प्रोफाइल काढावी आणि सर्वांत शेवटी गाळ्याची रेषा कापावी. तिथे बिटाला ९ मिमीच कापायचे असते आणि खाली चर असल्याने स्पॉइलबोर्डही दुखावत नाही. शेवटचा अर्धा मिलिमीटर पापुद्रा ठेवून मधला भाग नंतर चाकूने सोडवावा, नाहीतर सुटा झालेला तुकडा बिटात अडकून नुकतीच काढलेली प्रोफाइल खराब करतो. शटरला आडव्या-उभ्या पट्ट्या असतील तर हा पापुद्रा टाळूच नये.

लव आणि डागांचे मूळ फीडमध्ये आहे. ३,००० मिमीला १८,००० फेऱ्या आणि २ पाती यांनी भागले, तर प्रत्येक पात्याच्या वाट्याला जेमतेम ०.०८ मिमी येते. एवढ्यात पाते कापण्याऐवजी घासते आणि घासण्यातून उष्णता निर्माण होते. १२,००० फेऱ्या आणि ६ मीटर फीड ठेवल्यास हाच आकडा ०.२५ मिमी होतो. प्रोफाइल बिट मोठ्या व्यासाचे असते, त्यामुळे त्यावर कोरलेली कमाल फेऱ्यांची मर्यादाही एकदा वाचावी. कोपऱ्यात यंत्र आपोआप हळू होते पण फेऱ्या तितक्याच राहतात, म्हणून डाग नेमके तिथेच पडतात. प्रोफाइल दोन टप्प्यांत घेऊन दुसऱ्या टप्प्यासाठी केवळ ०.३ मिमी ठेवल्यास तिथली उष्णताही कमी होते. याउपरही एमडीएफचा मधला थर बाहेरच्या थरांपेक्षा विरळ असल्याने थोडी लव उठणारच. सीलर मारून तो वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. बिट प्रोफाइलच्या कडेवर थेट न उतरवता टाकाऊ भागातून कमानीने आत आणावे, म्हणजे सुरुवातीची रेघ दिसत नाही.

गोलागलता यांचा प्रतिसाद :

दोघांचेही आभार. तुकडे मोजले, बहुतेक ४४८.८ ते ४४८.९ भरले. पॅनेल सॉचा थांबा सरकला होता. उजव्या बाजूला थांबा लावून आणि क्रम बदलून आज चार शटर काढली. खाच चारही बाजूंनी १० मिमी आली आणि ओठही सर्वांचा ९ मिमी राहिला. डाग गेले आहेत. लव थोडी आहे, तिच्यावर सीलर मारून पाहतो. आता एकच शंका उरली आहे. ६ मिमीच्या बिटामुळे खाचेच्या कोपऱ्यांत ३ मिमीची गोलाई राहते आणि चौकोनी काच तिथे अडते. काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) मागवायची आहे.

पटाशी यांचे उत्तर :

टफन्ड काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, त्यामुळे कोपरे छाटायचे असतील तर ते मागणीतच लिहावे लागेल. त्यापेक्षा खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यात बिट तिरके थोडे बाहेर नेऊन परत आणावे. तिथे पडणारा छोटा अर्धगोल बीडिंग पट्टीखाली झाकला जातो. शटर मोजकीच असतील तर हाताने, पटाशी हत्याराने कोपरे काढणे अधिक सोपे. काचेचे माप प्रोग्रॅमवरून न देता तयार खाचेवरून घ्यावे आणि लांबी-रुंदीत प्रत्येकी ३ मिमी कमी सांगावे.