कॅथलिक शाळेतला डिसेंबर: तुमचे अनुभव सांगा

वानवडीकरीण

गेल्या आठवड्यात लेकीच्या डायरीत सर्क्युलर चिकटवून आलं. लेक दुसरीत आहे, शाळा कॅम्पातली, सिस्टर लोकांची. एका पानावर अख्खा डिसेंबर कोंबलाय, आधी स्पोर्ट्स डे, मग पीटीएची फेट (आनंदमेळा), मग ख्रिसमस कॉन्सर्ट, सुट्टी लागायच्या दिवशी कॅरल्स आणि वर्गात पार्टी (क्रीमचा केक नको, शेंगदाणे नकोत, कोरडा खाऊ पाठवा) आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात की यंदा क्रिब (येशूजन्माचा देखावा) दुसरीच्या वर्गाकडे आहे, पालकांनी आपापल्या परीने हातभार लावावा.

आता आपापल्या परीने म्हणजे काय? मी सदाशिव पेठेतल्या मराठी शाळेत शिकले, आमच्याकडे डिसेंबर म्हणजे गॅदरिंग आणि फिशपाँड, क्रिब ही वस्तू मी दुकानाच्या काचेतूनच बघितलेली. नवरा म्हणतो पाचशे रुपये देऊन मोकळी हो. पण लेक रोज विचारतेय आपण काय नेणार, आणि मला नुसतं पाकीट पाठवायचं जिवावर आलंय.

तर ज्यांचा अशा शाळांशी संबंध आला असेल, माजी विद्यार्थी, पालक, टीचर, कुणीही, तुमचे अनुभव लिहा. क्रिबचेच पाहिजेत असं नाही. शाळांची नावं नका घेऊ मात्र, उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

नानापेठी

माझं लहानपण क्वार्टर गेटच्या सिटी चर्चच्या आसपास गेलं. हे चर्च १७९२ चं आहे बरं का, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. पेशवाई आणि चर्च हे दोन शब्द एका वाक्यात मला शाळेत कुणी ऐकवले नाहीत, आमच्या वाड्यात एक गोव्याच्या आजी होत्या त्यांनी सांगितलं, तेही मोदक खाता खाता.

क्रिबचं म्हणाल तर आम्ही पोरं जिन्याखाली करायचो. खोकी, ब्राऊन पेपर चुरगाळून त्याचे डोंगर, आरसा ठेवून तळं. एका वर्षी आमच्यातल्या एका हुशार माणसाला (मीच तो) वाटलं की गवत खरं पाहिजे. तेव्हा पुण्यात टांगे होते, ओळखीच्या टांगेवाल्याच्या पागेतून दोन पोती भरून आणलं. सोमवारी गवत घातलं, बुधवारपर्यंत जिन्याजवळचे दोन्ही वर्ग कराकरा खाजवायला लागले. पिसवा! सिस्टरनी काही विचारलं नाही, नुसतं माझ्या हाताकडे बघितलं, कोपरापर्यंत लाल लाल ठिपके. सगळं गवत मैदानात नेऊन जाळलं आणि त्या वर्षी बाळ येशू चक्क कापसावर झोपला.

तात्पर्य, गवत न्या पण घोड्याखालचं नको.

रिटायर्ड मिस

हा धागा बघून राहवलं नाही. सत्तावीस वर्षं प्रायमरीला शिकवलं, त्यातले निदान वीस कॉन्सर्ट माझ्या गळ्यात होते. देवदूतांचे पंख थर्माकोलचे करायचो आणि ते बसमध्ये मोडायचे, दरवर्षी मोडायचे, दरवर्षी आम्ही परत थर्माकोलचेच करायचो. तीन राजांचे फेटे गणपतीच्या मिरवणुकीतले. एका राजाने तर ढोलपथकाचा भगवा फेटा काढायला नकार दिला, म्हटलं राहू दे, पूर्वेकडून आलेत ना, पुणं काय पश्चिमेला आहे का.

पण मला आठवते ती घोंगडी. मेंढपाळांच्या सीनसाठी आम्ही टर्किश टॉवेल वापरायचो, डोक्याला नाडी बांधून. ते मेंढपाळ कमी आणि आंघोळ करून आलेले जास्त वाटायचे. आमच्या शाळेत एक मावशी होत्या, सासवडकडच्या, झाडलोट करायच्या, पोरांनी चड्डीत केली तर धुवायच्या, सगळं तोंडातून शब्द न काढता. रिहर्सल चालू असताना दारात झाडू धरून उभ्या होत्या, आणि एकदम म्हणाल्या, "बाई, मेंढरामागं जाणारा माणूस असा टॉवेल घेतो व्हय?" सोमवारी येताना घोंगडी घेऊन आल्या, भावाची, त्याची मेंढरं होती. काळी, जाड, अंगावर घेतली की टोचते अशी, आणि वास! पहिल्या रांगेपर्यंत येत होता. कोपऱ्याला एक जागी पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेलं. खोळ कशी करायची, काठी कुठल्या खांद्यावर, हाळी कशी द्यायची सगळं त्यांनी शिकवलं, आणि तिसरीतला पोरगा स्टेजवर "हुर्रर्र हेऽऽ" असा ओरडला की मागे बसलेल्या बापांनी शिट्ट्या मारल्या. प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या होत्या, त्यांना शब्द कळले नसावेत, पण पुढच्या वर्षीच्या प्रोग्रॅमवर मावशींचं नाव डायरेक्शनमध्ये छापलं. माझ्या वर.

तेव्हा ताई, घोंगडी मिळाली तर बघा.

वानवडीकरीण

मिस, तुम्ही काय लिहिलंय! घोंगडी शोधते.

श्रीरामपूरचा

मी कॅथलिक, मराठी, मूळ श्रीरामपूर तालुक्यातला, आता हडपसर. पहिल्यांदा हे सांगून टाकतो कारण अर्धं आयुष्य "अरे तू ख्रिश्चन? पण तू तर मराठी बोलतोस" याचं उत्तर देण्यात गेलं. आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, गाणी मराठीत, आजी नऊवारीत. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची (म्हणजे मारियामातेची) यात्रा भरते तिथे एकदा जाऊन या, एसटी भरभरून माणसं येतात, सगळ्या जातीधर्माची, नवस बोलतात, फेडतात.

क्रिबला आम्ही गोठा किंवा गव्हाणी म्हणतो. वानवडीकरीण, तुमच्या घरी नवरात्रात घट बसतात का? बसत असतील तर तुम्हाला अर्धा गोठा येतोच. गोठ्यातली हिरवळ म्हणजे गहू नाहीतर नाचणी पेरून उगवलेले कोवळे कोंब असतात, गोव्याकडेही तसंच करतात. माझी आई पत्र्याच्या ट्रेमध्ये पेरायची. फरक एवढाच की घट देवघरात अंधारात असतो म्हणून कोंब पिवळे येतात, आणि आपल्याला पाहिजेत हिरवे, म्हणून दोन बोटं वर आले की ट्रे उजेडात ठेवायचा. आणि डिसेंबरातल्या थंडीत नवरात्रापेक्षा तीनचार दिवस जास्त धरा, नाहीतर बेथलेहेमला दुष्काळ.

दुसरी गोष्ट, बाळ लगेच ठेवू नका. गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असते, मारिया आहे, जोसेफ आहे, गाढव आहे, मध्ये नुसतं गवत. शाळा त्याआधीच बंद होते म्हणून काही ठिकाणी शेवटच्या दिवशी असेंब्लीत बाळ ठेवतात. माझा मुलगा केजीत असताना रोज डबा खाऊन गोठ्याजवळ जायचा आणि घरी येऊन रिपोर्ट द्यायचा, "अजून नाही आलं." असं दोन आठवडे. घरी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती, त्यामुळे त्याच्या डोक्यात दोन्ही बाळांचा पार गोंधळ झाला होता. आणि राजे लांब ठेवा. रोज थोडेथोडे पुढे सरकवायचे, ते ६ जानेवारीला पोचतात, म्हणजे शाळा उघडल्यावर पोरांना बघायला काहीतरी शिल्लक राहतं.

कोंढवा ते कॅम्प

मी वाचून गप्प बसणार होते पण लिहितेच. आम्ही मुस्लिम. लेक चौथीत असताना तिला मेरीचा रोल मिळाला आणि ती घरी रडत आली, कारण वर्गातली कुणीतरी म्हणाली तुला कसा काय दिला. अम्मी (माझी सासू) म्हणाली, का नाही देणार, मरियम आपल्याकडेही आहेत, कुराणात १९ वी सूरा त्यांच्याच नावाची आहे. मग माझा निळा दुपट्टा काढला, त्याची जरीची किनार उसवून टाकली कारण मिसने साधा सांगितला होता, आणि कॉन्सर्टला अम्मी स्वतः आली, जी कधी शाळेत येत नाही. दुपट्टा अजून तसाच आहे, बिनाकिनारीचा.

एक बाप

सगळं गोडगोड चाललंय म्हणून जरा खारट. आमच्या मुलाच्या शाळेत (नाव नाही घेत) मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. पुण्यात! मुलगा सुट्टीतसुद्धा मित्राशी खुणांनी बोलायचा. मी पीटीए मीटिंगमध्ये उभा राहिलो, बाकीचे पालक माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच गुन्हा केलाय, दोघांनी तर नंतर येऊन सांगितलं की अहो इंग्लिश सुधारावं म्हणून तर इथे घातलंय. दंड बंद व्हायला दोन वर्षं लागली, तोही नवीन सिस्टर आल्या म्हणून, माझ्यामुळे नाही. आणि फेटच्या कुपनांचं पुस्तक. प्रत्येक मुलाने वीस खपवायची. खपवतो कोण? आम्ही, ऑफिसात.

नानापेठी

@एक बाप, कुपनांबद्दल शंभर टक्के. पण फेटमधल्या हाउजीला एकदा बसून बघा हो. आमच्या वेळी फादर आकडे पुकारायचे, ८८ (टू फॅट लेडीज) आला की मैदानभर हशा. माझ्या वडिलांना इंग्लिश येत नव्हतं, आकडे मात्र सगळे ओळखायचे. अर्ली फाइव्हमध्ये त्यांनी जिंकलेला थर्मास अजून आमच्याकडे चालू आहे.

पाषाणची आई

डिसेंबरनंतरचं पण लक्षात ठेवा, पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. आमची शाळा जीझस अँड मेरीच्या सिस्टरांची, तर ३ फेब्रुवारीला त्यांच्या संस्थापिकेचा, क्लॉडीन थेवने यांचा दिवस असतो. फ्रान्समधल्या लियाँच्या, राज्यक्रांतीत दोन भाऊ मारले गेले, मग अनाथ मुलींना शिवणकाम विणकाम शिकवायला लागल्या. १८४२ मध्ये त्यांच्या सिस्टर बोटीने भारतात आल्या, आधी आग्र्याला. हे मला लेकीच्या चार्टपेपरमुळे माहीत, रात्री अकरापर्यंत बोट रंगवत होतो आम्ही.

आणि मग राखेचा बुधवार. २०२४ ला तो नेमका १४ फेब्रुवारीला आला होता. आमचे रिक्षावाले काका नवीन, कॅथलिक मुलांच्या कपाळावर राखेची खूण बघून म्हणाले, सकाळीच कुठल्या शंकराच्या देवळात जाऊन आलात? मागच्या वर्षीच्या पाम संडेच्या (झावळ्यांच्या रविवारच्या) झावळ्या जाळून ती राख करतात, हे त्यांना रिक्षातल्याच एका दुसरीतल्या मुलाने समजावलं. मग उपवासकाळाचे चाळीस दिवस काहीतरी सोडायचं असतं. सक्ती नाही, पण वर्गात सगळे सांगतात म्हणून आमच्या लेकबाईंनी पण जाहीर केलं की मी दोडका सोडला.

श्रीरामपूरचा

दोडका! हे फादरांना सांगतो.

फक्त वाचक

माझा एकच अनुभव, छोटा आहे. कॅटेकिझमच्या (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या) तासाला कॅथलिक मुलं उठून दुसऱ्या वर्गात जायची आणि आम्ही मॉरल सायन्सला बसायचो. माझी बेंचवरची मैत्रीण जायची. चाळीस मिनिटं बाजूची जागा रिकामी. तिसरीत तिची फर्स्ट कम्युनियन झाली, पांढरा झगा, पांढरे मोजे, डोक्यावर फुलं, आणि मी आईकडे हट्ट धरला की मला पण पाहिजे. आईने मुंजीतल्यासारखं काहीतरी असतं ते, आपल्यात मुलींची करत नाहीत एवढंच सांगून विषय मिटवला. मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी डब्यातून केकचा तुकडा आणला, झग्याची एक सॅटिनची रिबन पण दिली. पुस्तकात ठेवली होती. ती आता ऑस्ट्रेलियात असते.

वानवडीकरीण

सगळ्यांना एकदम उत्तर देते, माफ करा, स्पोर्ट्स डेच्या ड्रिलसाठी पांढरे बूट शोधण्यात आठवडा गेला.

पाकीट रद्द. गहू पेरायचं घरी सांगितलं आणि सासूबाईंनी प्रोजेक्ट ताब्यात घेतला. घटासाठीची वावरी त्या दरवर्षी शिरूरहून मागवतात, उरलेली पिशवी माळ्यावर होती ती खाली आली. परडी की ट्रे यावर वाद झाला, ट्रे ठरला, दोन केलेत, एक गव्हाचा एक नाचणीचा, कारण "एक नाही आला तर शाळेत काय तोंड दाखवणार". दिवाळीचा चांदणीचा आकाशकंदील अजून गॅलरीत लटकतच होता, तो क्लास टीचरना फोटो काढून पाठवला, त्या म्हणाल्या नक्की आणा, आमचा तारा गेल्या वर्षी फाटला.

घोंगडी सोसायटीच्या वॉचमनकाकांनी गावाहून आणून दिली, परत करायच्या बोलीवर. दोन दिवस उन्हात टाकली होती तरी वास आहे. मिस, असू दे ना?

आज सहावा दिवस. नाचणी अजून काही बोलत नाही. गव्हाला बोटभर कोंब आलेत, पिवळेच आहेत, कारण सासूबाई ट्रे देवघरातून हलवू देत नाहीयेत. उद्या त्या भजनाला गेल्या की गॅलरीत ठेवते.