सोसायटीच्या तीन पायऱ्या आणि रॅम्प

मल्हारची_आई (डोंबिवली):
मुलगा 11 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. बोलतो छान, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या. लहान होता तोवर कडेवर घेतला. आता वजन 34 किलो आणि माझी कंबर गेलेली. वॉचमन, दूधवाला, जो दिसेल तो व्हीलचेअरला हात लावतो.

रॅम्पचा विषय काढला तर मीटिंगमध्ये म्हणाले, "वहिनी, उचलायला आम्ही आहोत की! उगाच दोन स्कूटरची जागा जाईल." एकांनी तळमजल्यावर घर बघायला सुचवलं. तळमजलाही त्याच तीन पायऱ्यांवर आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही!

माणसं वाईट नाहीत हो. गणपतीत त्याला उचलून पहिल्या रांगेत बसवतात. पण परवा चौघांनी खुर्ची उचलली तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, "मी काय गोणी आहे?" तेव्हापासून खाली यायचं नाव काढत नाही. काय करू?

साईटवरचा_माणूस:
आधी टेप लावून उंची मोजा. एक इंच चढाला एक फूट लांबी, म्हणजे 1:12 चा उतार. पायरी सहा इंचाची धरली तर तीन पायऱ्यांना अठरा फूट. सोसायट्या पाच फुटांची घसरगुंडी बांधून मोकळ्या होतात, तिच्यावरून खुर्ची मागे उलटते. कठडा दोन्ही बाजूंना हवा. गुळगुळीत फरशी अजिबात नको, पावसात पाय घसरतो.

कल्याणकर:
अर्ज तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 तुमच्या बाजूने आहे आणि अगदीच अडलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण पहिल्याच पत्रात कायदा काढू नका, रोज त्याच लिफ्टमध्ये भेटायचंय.

नानी_ठाणे:
आमच्याकडे दोन वर्षं वाद चालला. रॅम्प झाल्यावर पहिला खूश झाला तो सिलेंडरवाला. विरोध करणारे काका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन तिथूनच येतात-जातात. आम्ही काही बोलत नाही. (मनात बोलतो.)

मल्हारची_आई:
मोजलं. साडेसोळा इंच. टेपचं दुसरं टोक मल्हारने धरलं. त्यासाठी खाली आला, तेही नवव्या दिवशी. पण भिंतीपर्यंत सरळ चौदाच फूट मिळतात, त्यामुळे रॅम्प वळवावा लागेल. स्कूटर एकच हलेल असं दिसतंय. वळणावर खुर्ची फिरायला किती जागा सोडू?

साईटवरचा_माणूस:
दीड मीटर बाय दीड मीटर, आणि तेवढा भाग सपाट. कागदावर काढून इथे टाका, उतार तपासून देतो.