टोब्रुकला धरल्या गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांचा मेळावा : सल्ला हवाय

कोयनाकाठ :
मंडळी, धागा जरा लांबला आहे, सांभाळून घ्या.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. घरात सगळे 'टू-फाइव्ह' म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात, २१ जून १९४२ ला उत्तर आफ्रिकेत लिबियातलं टोब्रुक पडलं आणि तीस हजारांवर माणसं जर्मन-इटालियनांच्या हाती लागली, त्यात ही पलटणही होती. आजोबा आधी इटलीत, मग जर्मनीत राहून १९४५ मध्ये घरी आले. त्याबद्दल विचारलं की "लढाईत धरलं होतं" एवढंच सांगायचे. भाकरीला मात्र 'पाने' म्हणायचे. "पाने दे गं." आम्हाला वाटायचं दात पडलेत म्हणून काहीतरी बोलतात. ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं की इटालियनमध्ये पावाला 'पाने' म्हणतात.

गेली दोन वर्षं मी आणि मावसभाऊ सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी भागातली अशी घरं शोधतोय. आत्तापर्यंत ३७ सापडली. या सगळ्यांना एक दिवस एकत्र आणायचं आहे.

सध्याचा बेत असा : येत्या २१ जूनला साताऱ्यात मंगल कार्यालय. सकाळी दीपप्रज्वलन, आमदारसाहेब, एका इतिहासाच्या प्राध्यापकांचं व्याख्यान, प्रत्येक घराला शाल-श्रीफळ, जेवण. मंचामागे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या आपल्या दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचे (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मोठे फोटो.

असं काही आधी केलेल्या लोकांनी सांगा, काय चुकतंय? आणि उरलेली घरं कशी शोधायची?

निवृत्त_हवालदार :
ताई, जय हिंद. पहिली चूक तारीख. २१ जूनला पेरणी टाकून कोण येणार? पाऊस लांबला तर आभाळाकडे बघत बसलेला असेल, पडला तर कुरीमागे. शिवाय घाटातून म्हातारी माणसं आणायची.

फेब्रुवारी बघा. ४ फेब्रुवारी हा मराठा रेजिमेंटचा दिवस, १६७० साली सिंहगड घेतला तो. पण नेमका ४ ला ठेवू नका, बरेच माजी सैनिक त्या दिवशी बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरला जातात. त्यानंतरचा रविवार धरा. बेळगावला पत्र आत्ताच टाका. बिगुलवाला मिळाला तर लास्ट पोस्ट, म्हणजे गेलेल्यांना मानवंदनेची धून, होईल, नाहीतर आमच्यासारखे चार जण गणवेशाची टोपी घालून उभे राहू. काही अडत नाही.

दुसरी चूक आमदार. एका कार्यक्रमात आम्ही पाहुण्यांची अडीच तास वाट बघितली. वीरमाता पहिल्या रांगेत उन्हात. पाहुणे आले, हार घेतला, गेले. तेव्हापासून माझं ठरलंय, पुढारी बोलावला की मेळावा त्याचा होतो.

जुनेकागद :
बेत वाचला. शालींचे पैसे वाचवा आणि एक चांगला स्कॅनर आणा, खरंच सांगतो.

घरं शोधण्याबद्दल आधी. बहुतेक लोक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकतात, सापडत नाही, आणि "आमच्या आजोबांची नोंदच नाही" म्हणून हिरमुसतात. तिथे फक्त मेलेल्यांच्या नोंदी आहेत. जो जिवंत परत आला तो तिथे असणारच नाही! छावणीत वारलेल्यांसाठी मात्र ती जागा उत्तम. हिंदू सैनिकांचं दहन झालेलं असल्यामुळे कबर न सापडता दहनस्मारकावर नाव सापडतं, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा. इटलीत सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर अशी पाचशेहून जास्त नावं आहेत.

परत आलेल्यांसाठी दोन दारं. एक, जिनिव्हाचं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धबंद्यांबद्दल घरच्यांना अर्ज करता येतो, पण अर्ज ठरावीक काळातच घेतात आणि ठरलेली संख्या भरली की खिडकी बंद. आधीपासून सगळं तयार ठेवा. दोन, लंडनजवळ क्यूला ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. जर्मनी-इटलीतल्या बंद्यांच्या याद्या तिथे आहेत.

दोन्हीकडे नावापेक्षा सैनिकाचा पलटणीतला नंबर महत्त्वाचा. आपल्याकडे आडनाव कागदावर यायचंच असं नाही. 'रामा भाऊ' एवढंच लिहिलेलं असतं, आणि असे रामा भाऊ पलटणीत चार. इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनाच्या मर्जीवर. म्हणून पदकं बाहेर काढायला सांगा. कडेला किंवा चांदणीच्या आकाराच्या पदकाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असेल तर अर्धं काम झालं. भिंग लागेल. पदक ब्रासोने घासू नका, हे ओरडून सांगा. मी एका घरात गेलो तेव्हा सूनबाईंनी पाहुणे येणार म्हणून चिंच लावून चकचकीत केलेलं पदक पुढे ठेवलं. नंबराचे शेवटचे दोन आकडे गेलेले.

गावच्या चावडीत किंवा देवळात संगमरवरी पाटी असेल तर ती बहुतेक १९१४-१९ च्या लढाईची असते, तिची आणि आपली गल्लत नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांची माहिती असते. ते यादी हातात देणार नाहीत, पण तुमचं पत्रक त्या घरांपर्यंत पोचवायची विनंती करून बघा.

माहेरवाशीण :
मी व्याख्यानाबद्दल लिहिते. प्राध्यापक टोब्रुकचा नकाशा दाखवतील, जर्मन सेनापती रोमेल सांगतील. चांगलंच आहे. पण त्या मंडपात निम्म्या बायका असतील आणि त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्या नकाशात नाही.

आमच्या घरी तार आली ती 'बेपत्ता' अशी. पुढचे चौदा महिने काहीच नाही. आजेसासूबाईंनी कुंकू पुसलं नाही, पण लावताना आरशात बघायच्या नाहीत, असं सासूबाई सांगतात. गावानं हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. सवाष्ण म्हणावी तर खात्री नाही, विधवा म्हणावी तर जीभ रेटत नाही. त्याही मग कुणाच्या दारात गेल्या नाहीत. चौदा महिन्यांनी एक कार्ड आलं. वर इटालियन छापील अक्षरं, खाली कुणाकडून तरी लिहून घेतलेलं रोमन लिपीतलं हिंदुस्तानी. घरात कुणाला वाचता येईना. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं, "मैं राजी खुशी हूँ". आजेसासूबाईंनी विचारलं, "हे आमच्याच माणसानं सांगितलंय कशावरून?" खाली अंगठा होता म्हणून मानलं म्हणे.

हे मंचावरून कुणी बोलणार नाही. माइक दिला की बायका "मला काय येतंय बोलायला" म्हणून खाली बसतात. त्यांना गोल करून बसवा, सात-आठ जणी, मध्ये ती ट्रंकेतली कार्डं ठेवा, आणि एखादी मुलगी फोनवर रेकॉर्ड करू दे. खोली वेगळी हवी. पंख्याखाली बसवलंत तर नुसती घरघर ऐकू येईल, आमचं एक अख्खं रेकॉर्डिंग असंच वाया गेलंय.

आणि घाडगे-जाधवांचे फोटो आदरानं लावाच, पण प्रवेशद्वारापाशी. मंचामागची भिंत ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्यासाठी सोडा.

तिरकस :
सगळं गोड चाललंय. आझाद हिंदचं काय करणार? त्या छावण्यांतून काही जण नेताजींकडे गेले, बरेच गेले नाहीत. एकाचा नातू म्हणणार "माझे आजोबा देशभक्त, तुमचे इंग्रजांचे नोकर". दुसरा म्हणणार "माझ्या आजोबांनी इमान राखलं". जेवणाआधी हाणामारी. पैज लावता?

जुनेकागद :
पैज नको, कारण तुम्ही जिंकाल! जर्मनीत आन्नाबुर्गच्या छावणीतून नेताजींच्या हिंदी लिजनसाठी, म्हणजे तिथल्या फौजेसाठी, भरती झाली हे खरंच आहे. कुणी स्वातंत्र्यासाठी गेला, कुणी उपाशी पोटामुळे, कुणी मित्र गेला म्हणून. न जाण्याचीही तितकीच कारणं होती. युद्धानंतर इंग्रजांनी आझाद हिंदवाल्यांना, इंग्रजांशी कोण किती इमानी यावरून, व्हाइट, ग्रे, ब्लॅक असे शिक्के मारून वेगळं केलं होतं. आपण मंडपात पुन्हा तेच करायचं का?

माझा सल्ला, निमंत्रणातच एक ओळ छापा : 'कोण कोणत्या बाजूला गेलं हा विषय या दिवशी नाही.' आणि माइकवरून कुणाच्याही घराबद्दल नवी माहिती देऊ नका. हे मी अनुभवातून सांगतोय. कोयनाकाठ, तुमच्या ३७ घरांत कुणाचा माणूस जहाजावर गेलेला आहे का?

कोयनाकाठ :
हो, दोन घरं आहेत. त्यांना 'समुद्रात बुडाला' एवढंच माहीत आहे.

जुनेकागद :
तारीख बघा. १३ ऑक्टोबर १९४२ च्या आसपासची असेल तर ते 'लोरेटो' असण्याची शक्यता आहे. आफ्रिकेतून हिंदी युद्धबंदी इटलीला नेणारं जहाज. पालेर्मोजवळ बुडालं, आणि बुडवलं ब्रिटिश पाणबुडीनं. म्हणजे आपल्याच बाजूनं. त्या घरात ऐंशी वर्षं 'जर्मनांनी मारलं' असं सांगितलं गेलं असेल तर हे पाचशे लोकांसमोर कळता कामा नये. आधी घरी जा, चहा घ्या, बसून सांगा. आणि तारीख जुळल्याशिवाय तर सांगूच नका.

सीमेवरचा :
मोठा मेळावा करताच आहात तर १९७१ च्या बेपत्ता जवानांची कुटुंबंही बोलवा की. युद्धबंदी ते युद्धबंदीच.

माहेरवाशीण :
मनापासून सांगते, नको. आपल्याकडचा माणूस एकतर परत आला, नाहीतर कुठेतरी त्याचं नाव कोरलेलं आहे. त्या घरांना अजून उत्तरच मिळालेलं नाही. त्यांना 'स्मरण' म्हणून बोलवायचं म्हणजे परस्पर निकाल दिल्यासारखं होईल. त्यांच्या मागणीसाठी काही करायचं असेल तर वेगळं करू, मी येईन.

निवृत्त_हवालदार :
+१. आणि बॅनरवर 'कैदी' लिहू नका हो. गावात कैदी म्हणजे येरवड्याचा. 'युद्धबंदी' लिहा. आमच्या चुलत्यांना शेवटपर्यंत टोमणा होता, हात वर करून आला म्हणून. टोब्रुकला शरण जायचा हुकूम वरून आला होता, शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी हे एक वाक्य मात्र माइकवरून मोठ्यानं बोला. मी बोलतो हवं तर.

कोयनाकाठ :
तुम्हीच बोला काका.

मावसभावाशी रात्री दीड तास भांडून बेत बदलला. त्याला आमदार हवे होते, मंडपाचा खर्च निघाला असता म्हणून. आता मंगल कार्यालयच नको, त्याच्या मित्राच्या शाळेचं सभागृह मिळतंय. ४ फेब्रुवारीनंतरचा रविवार. प्रत्येक घरानं वर्गणी न देता आपलं डबाभर काहीतरी आणायचं. शाल नाही, श्रीफळ नाही.

बसायची व्यवस्था तालुकावार करणार होतो, ती छावणीवार करतोय. एक टेबल आवेत्झानो, म्हणजे रोमच्या पूर्वेला डोंगरातली ९१ नंबरची छावणी, आमचे बरेच जण तिथे होते. एक आन्नाबुर्ग. एक फ्रान्समधल्या एपिनालचं : ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले, त्या गोंधळात शेकडो हिंदी बंदी बाहेर पडले आणि सुमारे पाचशे जण चालत स्वित्झर्लंडला पोचले. आमच्या यादीतल्या एका घरात "आजोबा बर्फातून चालले होते" अशी गोष्ट आहे, ती कदाचित हीच; महिना जुळत नाही, पण डोंगरात मे महिन्यातही बर्फ असतो म्हणे. एक टेबल इटलीनं सप्टेंबर १९४३ मध्ये शस्त्रं खाली ठेवल्यावर पळून शेतकऱ्यांच्या घरात लपलेल्यांचं. एक जहाजाचं, पण त्यावर पाटी लावणार नाही. आणि एक 'माहीत नाही'चं. तेच सगळ्यात मोठं लागणार, ३७ पैकी १९ घरं तिथे.

स्कॅनर दोन मिळाले. मूळ कागद कुणाकडूनही ठेवून घ्यायचा नाही, समोरच स्कॅन करून हातात परत. लॅमिनेशनवाल्याला गेटच्या आत सोडायचं नाही, असं भावाला बजावलंय.

कृष्णामाई_१२ :
नवीन सभासद आहे, धागा बहिणीनं पाठवला. आमचे पणजोबा पण मराठा पलटणीतले, पण नंबर वगैरे काही नाही. एक कार्ड आहे, त्यावर इटालियन शिक्का. वडलांनी ते ८५-८६ साली सेलोटेप लावून देवघराच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, टेप आता पिवळी पडली आहे. काढून आणू का? ओढलं तर अक्षरं जातील अशी भीती वाटते.

कोयनाकाठ :
अजिबात ओढू नका! फळी निघते का बघा. निघत असेल तर फळीसकट आणा, देव त्या दिवसापुरते पाटावर बसतील. निघत नसेल तर भाऊ कॅमेरा घेऊन तुमच्याकडे येईल. गाव कुठलं ते व्यक्तिगत निरोपातून कळवा.