अनुभव धागा: कॅरिबियन क्रूझमध्ये बंदरावर उतरून आपलं आपण फिरणं

उन्हाळ्यात लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत जायचं आणि तिथून सगळ्यांनी मिळून आठवडाभराची कॅरिबियन क्रूझ करायची, हे आता दारव्हा-दिग्रस-पुसद पट्ट्यातल्या घरांतही होऊ लागलं आहे. क्रूझचं तिकीट मुलं काढून ठेवतात. प्रश्न येतो तो बंदरावर उतरल्यावर. जहाज कंपनी स्वतः बंदरावर ज्या सहली नेते, त्या जहाजाच्या सहलींचे दर माणशी असतात, त्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडं धरून सहा-सात जण झाले की खर्च फार वाढतो. तेवढ्याच माणसांत एक गाडी ठरवून स्वतः फिरता येतं, पण मग वेळेची सगळी जबाबदारी आपली. ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको. वेळ, अंतर, कागदपत्रं, पैसे, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि लेकरांची काळजी, एवढ्यावर बोलू.

यवतमाळ, सहल आयोजक

ताई, सगळ्यात आधी घड्याळ. बहुतेक लोक तिथेच चुकतात.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून आपली माणसं मे-जूनमध्ये जातात. त्या दिवसांत फ्लोरिडाची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात. मेक्सिकोचं कोझुमेल, जमैका आणि केमन बेटं वर्षभर घड्याळ बदलत नाहीत. म्हणजे मायामीहून निघालेल्या जहाजावर साडेचार वाजतात, तेव्हा कोझुमेलच्या रस्त्यावर साडेतीन झालेले असतात. मोबाईल किनाऱ्याचं नेटवर्क पकडतो आणि आपोआप साडेतीन दाखवतो. माणूस म्हणतो अजून तास आहे, आणि तिकडे जहाजाची शिडी उचलली जाते. बेलीझ आणि होंडुरासचं रोआतान तर उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या दोन तास मागे असतात. बहामाज मात्र फ्लोरिडाबरोबरच घड्याळ बदलतं, तिथे हा घोळ नाही.

काही जहाजं बंदराप्रमाणे आपलं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. आदल्या रात्री खोलीत किंवा ॲपवर येणाऱ्या दिवसाच्या पत्रकात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. उपाय साधा आहे. घरातल्या एकाने हातात साधं काट्याचं घड्याळ बांधावं, ते जहाजाच्या वेळेवर लावावं आणि दिवसभर तेच खरं मानावं. मोबाईलची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करावी.

आता हिशेब उलटा करायचा. समजा जहाज पाचला सुटणार. सगळ्यांनी जहाजावर असायची वेळ बहुधा अर्धा तास आधी, म्हणजे साडेचार. आपण बंदराच्या फाटकावर तीनला पोहोचायचं. मधला दीड तास पंक्चर, पाऊस, रस्त्यातली गर्दी, सुरक्षा तपासणीची रांग आणि ऐनवेळी लेकराला लागलेली शू, या सगळ्यांसाठी आहे. तीनमधून परतीचा रस्ता वजा करा, मग जागेवरचा वेळ. सकाळी आठला जहाज लागलं तरी माणसं खाली उतरायला पावणेनऊ होतात. आठ ते पाच असं पत्रकात दिसलं तरी हातात खरे सहा तासच येतात. त्यात एक ठिकाण नीट होतं, दोन कशीबशी, तीन अजिबात नाही.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा कंपनी आपल्या खर्चाने पुढच्या बंदरावर पोहोचवते. आपण आपल्या गाडीने गेलो तर थांबत नाही. वेळ टळलीच तर पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो सकाळीच काढून ठेवा, कारण मागे राहिलेल्यांना सगळ्यात आधी त्याच माणसाकडे जावं लागतं.

वर्धा, पासपोर्ट-व्हिसाचं काम पाहणारे

नातवंडं अमेरिकन नागरिक आणि आजी-आजोबा भारतीय पासपोर्टवर, अशा कुटुंबाने एक गोष्ट पक्की धरावी: दोघांचे नियम वेगळे. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेले असतात. "कुठेच काही लागत नाही" हे वाक्य आपल्यासाठी नाही.

जहाज परदेशी बंदरांवर जाऊन परत अमेरिकेत येतं, म्हणजे तुमचा अमेरिकेत पुन्हा प्रवेश होतो. त्यासाठी व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आणि परतीच्या दिवशी चालू असलेला हवा. मेक्सिकोला वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी प्रत्येक बेटाचं क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या उत्तरावर जाऊ नका.

बंदराच्या फाटकातून परत आत येताना जहाजाचं कार्ड लागतंच, आणि बऱ्याच बंदरांवर मोठ्या माणसांना फोटोचं ओळखपत्रही मागतात. इथल्या आई-वडिलांकडे अमेरिकन लायसन्स नसतं, म्हणून आदल्या दिवशी रिसेप्शनवर विचारा की उद्याच्या बंदरात मूळ पासपोर्ट लागेल की प्रत चालेल. मूळ पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत राहिला तर पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत प्रत्येकाच्या वेगळ्या खिशात असू द्या. सगळ्या प्रती एकाच पिशवीत नकोत.

आणि विमा. आई-वडिलांसाठी काढलेला अमेरिकेचा विमा जहाजावर आणि बेटांवर चालतो का, हे पॉलिसीत शोधा. काही पॉलिसी फक्त अमेरिकेपुरत्या असतात.

वरूड, संत्रा बागायतदार

कोझुमेलला उतरणाऱ्यांसाठी. पुष्कळांना तुलुमचे माया अवशेष पाहायचे असतात. तुलुम बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे. बंदरापासून टॅक्सीने सान मिगेल गावातल्या फेरीच्या धक्क्यावर, तिथून प्लाया देल कार्मेनपर्यंत पाऊण तासाची फेरी, मग साधारण तासभर रस्ता, आणि हेच सगळं उलट. वारा वाढला की फेरी बंद होते, आणि ती बंद झाली की दुसरा रस्ता नाही. तुलुम करायचंच असेल तर जहाजाची सहल घ्या, इथे पैसे वाचवू नका.

अवशेषच पाहायचे असतील तर बेटाच्या मध्यभागी सान हेर्वासिओ आहे. माया लोकांच्या इश्चेल देवीचं ठाणं. तुलुमएवढं भव्य नाही, पण समुद्र ओलांडायला लागत नाही आणि निम्म्या दिवसात आटोपतं. उरलेल्या वेळात पश्चिम किनाऱ्यावर पाण्यात उतरा. पूर्व किनारा दिसायला फार सुंदर आहे, पण तिथे लाटा जोरदार असतात आणि ओढ वाईट. लेकरांना तिथे पाण्यात सोडू नये.

मे-जूनमध्ये सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं. प्लाया देल कार्मेन, तुलुम, कोस्टा माया अशा पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग साचतात आणि कुजून वास येतो. कोझुमेलची पश्चिम बाजू आडोशाला असल्याने बहुधा स्वच्छ राहते.

पैशांचं एक ध्यानात ठेवा: मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लावतात. पाटीवर 200 दिसलं तर ते पेसो की डॉलर, हे बसायच्या आधी विचारा. टॅक्सीचे दर ठिकाणाप्रमाणे ठरलेले असतात आणि बंदराबाहेर फलकावर लावलेले असतात. दर माणशी आहे की गाडीचा, आणि गाडीत किती माणसं बसतील, हे दोन्ही ठरवूनच दार उघडा.

अकोट

भाऊ, एक गोष्ट कोणीच सांगत नाही. लेकरांच्या मिलिटरी छापाच्या टोप्या, बरमुडे, पिशव्या घरीच ठेवजा. जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा, त्रिनिदाद इथं सैन्याबाहेरच्या माणसाले तो छाप घालाले कायद्यानं बंदी हाय. लहान पोराले बी सूट नाई. आपल्या बाजारात तेच कपडे जास्त भेटतात, म्हणून सांगून ठेवलं.

वणी, फिजिओथेरपिस्ट

ज्या घरात कोणाचे गुडघे दुखतात, त्यांनी बंदर निवडताना पहिला प्रश्न विचारावा: जहाज धक्क्याला लागतं, की समुद्रात नांगर टाकून छोट्या टेंडर बोटीने नेतं? ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनला आणि बेलीझ सिटीला टेंडर आहे. बेलीझला समुद्र उथळ असल्याने जहाज बरंच लांब थांबतं, बोटीने एका बाजूला वीसेक मिनिटं लागतात. जहाज आणि बोट दोन्ही हलत असताना मधली फट ओलांडावी लागते. खलाशी हात देतात, पण पाय आपलाच उचलावा लागतो. समुद्र खवळलेला असला तर व्हीलचेअर घेत नाहीत.

टेंडरमध्ये जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. आपलं आपण जाणाऱ्यांना नंबर घेऊन बसावं लागतं. म्हणून बाहेरच्या सहलवाल्याला भेटायची वेळ नांगर टाकल्यानंतर किमान दीड तासाने ठेवा. परतीला शेवटच्या टेंडरची वेळ हीच खरी शेवटची वेळ, जहाज सुटायची नव्हे. दुपारी चार-चार जहाजांची माणसं एकदम परततात आणि रांग उन्हात असते, म्हातारी माणसं तिथे थकतात.

केमनमध्ये स्टिंगरे मासे पाहायला वाळूच्या उथळ पट्ट्यावर नेतात, पाणी कमरेएवढं. तिथे पाऊल उचलून टाकायचं नाही, तळावर घासत सरकवायचं. वाळूत दडलेल्या माशावर पाय पडला तरच तो शेपटीचा काटा मारतो. बोटीची शिडी उभी असते. ज्यांना घराचा जिना एकेक पायरी करून चढावा लागतो, त्यांनी बोटीत बसूनच पाहावं.

जमैकात ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा साधारण 180 मीटर लांब आहे आणि लोक हात धरून खडकांवरून वर चढतात. दगड शेवाळलेले असतात, चप्पल किंवा क्रॉक्स चालत नाही. पायात घट्ट बसणारे, रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेत. बाजूने पायऱ्या आहेत, आजी-आजोबा तिथून वर जात पोरांना पाहू शकतात. टॅक्सी घेताना लाल नंबरप्लेट पाहूनच बसा, परवाना असलेल्या गाड्यांना तीच असते.

मूल, दवाखान्यात काम करणाऱ्या

चंद्रपूरच्या 46 अंशांत राहणाऱ्याला तिथले 32 अंश किरकोळ वाटतात. तसं समजू नये. आपला उन्हाळा कोरडा, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. तिथे दमटपणामुळे घाम वाळतच नाही. शिवाय कोझुमेल आणि यवतमाळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, मेच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य दोन्हीकडे थेट डोक्यावर असतो. समुद्राचा वारा लागल्याने भाजतंय हे कळत नाही, संध्याकाळी पाठ आणि गुडघ्यामागची कातडी लाल होते. पाण्यातही पूर्ण बाह्यांचा अंगाला बसणारा सदरा घालावा. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या क्रीमवर 2020 पासून बंदी आहे, कारण ती प्रवाळाला मारतात.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. चीक लागला की आपल्याकडच्या बिब्ब्यासारखं अंगावर उठतं. फळ तोंडात गेलं तर फार गंभीर. पावसात त्याच्या खाली थांबू नये, पानांवरून पडणारं पाणीही भाजतं. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळीकडे असेलच असं नाही. लेकरांना एकच नियम: झाडाखालचं काही उचलायचं नाही.

विहिरीत पोहायला शिकलेली पोरं समुद्रात बिनधास्त उडी मारतात. विहिरीत ओढ नसते. लाइफ जॅकेट घालूनच उतरवा, आणि लहान मापाचं जॅकेट बरोबर न्या. भाड्याच्या ठिकाणी मोठ्यांची मापं असतात, चार-पाच वर्षांच्या लेकराचं मिळेल याची खात्री नसते.

आर्वी

पूर्वेकडच्या मार्गाचं थोडक्यात. प्वेर्तो रिकोच्या सान हुआनला बहुतेक जहाजं जुन्या शहरालाच लागतात, गाडी लागत नाही. एल मोरो किल्ला चढावर आहे, पायी वीस-पंचवीस मिनिटं. एल मोरो आणि सान क्रिस्तोबाल मिळून एकच तिकीट. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमसला टॅक्सीचे दर माणशी ठरलेले असतात, मॅगन्स बेचा किनारा शांत आणि लेकरांसाठी उत्तम. सेंट मार्टेनला विमानं डोक्यावरून जाणारा माहो किनारा सगळ्यांना हवा असतो. तिथे धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभं राहू नका, इंजिनाच्या झोताने 2017 मध्ये एका पर्यटक बाईंचा जीव गेला. तिकडून परत येताना सिम्पसन बेचा उचलता पूल बोटींसाठी उघडतो आणि वाहतूक थांबते, म्हणून एक तास जादा धरा.

धामणगाव रेल्वे

शाकाहारी माणसांसाठी. जहाजावरचं उघडं खाणं, फळं, सँडविच बंदरावर नेऊ देत नाहीत, शेतीच्या कीड-रोगांचे नियम कडक आहेत. नागपूरचा कारखान्यात सीलबंद केलेला चिवडा किंवा सोनपापडी बहुधा चालते. घरच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या जहाजावर चढतानाच काढून घेतात. मेक्सिकोत शिजवलेल्या बीन्समध्ये अनेकदा डुकराची चरबी असते, "सिन मांतेका, सिन कार्ने" एवढं म्हणून विचारायचं. जमैकात राजमा घातलेला नारळाचा भात शाकाहारी दिसतो, पण काही जण त्यात खारवलेलं मांस टाकतात. तिथे "इटल" असं लिहिलेली खानावळ शोधा, रास्ताफारी पंथाचं जेवण, मांस नसतं.

यवतमाळ, सहल आयोजक

बुकिंगबद्दल राहिलं होतं. हवामानामुळे जहाज एखादं बंदर टाळून पुढे जातं. 1 जूनपासून वादळांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा हे होऊच शकतं. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. बाहेरच्या सहलवाल्याकडून "जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा" हे लेखी घ्या, आणि जहाजाचं नाव व तारीख त्याला कळवा, म्हणजे तोही वेळापत्रक पाहत राहतो. आगाऊ थोडेच द्या, बाकी परत आल्यावर. ड्रायव्हरशी जाण्याचं आणि परत आणण्याचं भाडं आधीच ठरवा आणि अर्धे पैसे फाटकावर परत सोडल्यावर द्या. एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा, पन्नासची मोड कोणी देत नाही. केमनमध्ये भाव त्यांच्या डॉलरमध्ये लिहिलेले असतात, आणि दुकानदार एका अमेरिकन डॉलरचे 80 केमन सेंट धरतात. म्हणजे तिथलं 20 हे आपल्या खिशातले 25.