हंगर गेम्स वाचलं, आवडलंही, पण काहीतरी खटकून राहिलं

मानेवाड्याची_ताई:
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, तिच्या मैत्रिणी सध्या सुझान कॉलिन्सचं हंगर गेम्स वाचून राहिल्यात, तिनं एकीकडून आणलं, दोन रात्रीत संपवलं आणि मला म्हणे आई तू पण वाच. कितीतरी वर्षांनी इंग्रजी कादंबरी हातात घेतली, भाषा सोपी आहे, आणि खरं सांगते, रात्री दीड वाजेपर्यंत खाली ठेववलं नाही. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आजची अमेरिका संपल्यावर त्या जागी पॅनेम नावाचा देश झालाय, एक श्रीमंत कॅपिटल आणि त्याच्या हुकमातले बारा डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून नेतात, त्या २४ जणांना मैदानात सोडतात, एकच उरेपर्यंत, आणि सगळ्या देशाला ते टीव्हीवर बघावं लागतं. कॅटनिस १६ वर्षांची, धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते म्हणून स्वतः पुढे होते.

आता माझं विचारणं असं की हे इतकं धरून का ठेवतं? आणि संपल्यावर मला जे खटकलं ते नेमकं काय आहे तेच पकडता येत नाहीये. मुलीशी नीट बोलायचंय यावर, नुसतं छान आहे म्हणून सोडायचं नाही. शेवट सांगितला तरी चालेल, वाचून झालंय.

बर्डीवरचा_वाचक:
ताई, धरून ठेवण्याचं एक कारण सांगण्याच्या पद्धतीत आहे. सगळं कॅटनिसच्या तोंडून आणि चालू वर्तमानात, मी पळते, मी झाडावर चढते, मला पाणी सापडत नाही. गोष्ट भूतकाळात सांगितली की सांगणारा वाचला हे आपल्याला कळलेलं असतं, इथे तो आधारच नाही. त्यात प्रत्येक प्रकरण अशा जागी तुटतं की झोपायचं कसं.

पण विज्ञानकथा म्हणून मी नाराज आहे. मी नारळीकर वाचत मोठा झालो, तिथे एक कल्पना घेतली की तिचा हिशोब शेवटपर्यंत दिलेला असायचा. इथे कॅपिटलकडे आवाज न करणारी हवाई यानं आहेत, रात्रीतून भाजलेली कातडी बरी करणारं मलम आहे, मेलेल्या पोरांचे डोळे असलेले लांडग्यांसारखे प्राणी आहेत, हे सगळं कसं होतं त्यावर जवळपास काही नाही. आणि अशा देशाला कोळसा देणाऱ्या डिस्ट्रिक्ट बारामध्ये माणसं किती, तर सुमारे ८,०००! आपल्याकडे एखाद्या वस्तीत याहून जास्त लोक राहतात. देश चालतो कसा हा विचार लेखिकेनं केलेलाच नाही असं माझं ठाम मत आहे.

उमरेडवाली:
भाऊ, हिशोबाचं तुमचं मान्य, पण कोळशाचं मला बोलू द्या, माझे बाबा खाणीत होते. सुरुवातीला आमच्या उमरेडच्या ओपनकास्टला, नंतर कामठीकडे अंडरग्राउंडला. या पुस्तकात खाण फार थोडी आहे पण जेवढी आहे तेवढी खरी आहे. शिफ्ट सुटल्यावर वाकलेले खांदे, नखात बसलेली काळी धूळ जी कितीही घासा जात नाही. बाबांची रात्रपाळी असली की आई सकाळी दाराशी उभी राहायची, सायकल दिसेपर्यंत चहा ठेवायची नाही.

कॅटनिसचे वडील स्फोटात जातात तेव्हा ती ११ वर्षांची असते. भरपाई मिळते ती एक महिना दुःख करण्यापुरती, मग आईनं कमावायला लागावं अशी अपेक्षा, आणि आई तर खाटेवरून उठतच नाही. १२ वर्षं पूर्ण झाली की पोरांना टेसेरा घेता येतो, म्हणजे एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल, बदल्यात आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची. तिचा वाढदिवस ८ मेला. तोपर्यंत ही पोरगी दिवस मोजते, की एकदाची बारा वर्षांची होऊ दे, मग धान्य आणता येईल. हे वाचताना मी पुस्तक बंद करून बसले होते. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या असतात, तिचा मित्र गेल १८ चा, त्याच्या ४२. ज्याच्या घरी खायला नाही त्याच्या चिठ्ठ्या जास्त. राज्य कसं चालतं विचारता ना, ते असं चालतं! धान्याच्या गोणीवर. मला यात यानाच्या इंजिनापेक्षा जास्त डोकं दिसलं.

आणि तो पावसातला पाव. बेकरीवाल्याचा मुलगा मुद्दाम पाव जाळतो, आईचा मार खातो आणि दोन पाव हिच्याकडे फेकतो. पुढे त्याच मुलासोबत, पीटासोबत, हिला मैदानात उतरायचं असतं. उपाशी माणसाला असं कोणाचं देणं लागणं किती जड जातं ते लेखिकेला कळलंय.

ऑरेंज_सिटी_०७:
सिनेमा २०१२ चा आहे पण आधी पुस्तकच वाचू द्या पोरांना, भूक पडद्यावर तेवढी कळत नाही.

जुन्या_लायब्ररीतला:
ताई, तुम्हाला खटकलेलं काय असेल याचा मी अंदाज करतो. कॅटनिस कोणाकोणाला मारते ते एकदा मोजून बघा. पहिल्यांदा विषारी गांधीलमाश्यांचं पोळं कापून खाली पाडते, त्यात दोन मुली जातात, पण त्या तिला झाडावर अडकवून खाली टपून बसलेल्या टोळीतल्या. मग एक मुलगा बाणानं, पण त्यानं त्या क्षणी लहानग्या रूला, मैदानात हिच्या जोडीला आलेल्या पोरीला, भाला मारलेला. शेवटी त्याच टोळीतला केटो, तर त्याला ते प्राणी फाडत असतात आणि तो स्वतःच सुटका मागत असतो. म्हणजे हिच्या हातून जे मेले त्यांच्यावर वाचकाला राग तरी आहे किंवा दया तरी. आणि ज्यांना मारणं खरंच जड गेलं असतं त्यांचं काय? रूला दुसऱ्यानं मारलं. रूच्याच डिस्ट्रिक्टचा थ्रेश, ज्यानं रूसाठी हिला जिवंत सोडलं, तो आपल्या नजरेआड मरतो. ती कोल्ह्यासारख्या चेहऱ्याची हुशार मुलगी पीटानं नकळत तोडलेली विषारी फळं खाऊन जाते.

एवढा भयंकर खेळ मांडला आणि नायिकेला त्याच्या सगळ्यात वाईट पेचातून अलगद बाजूला काढलं. माझ्या मते हीच या कादंबरीची मोठी उणीव आहे, विज्ञानाची त्यापुढे किरकोळ. टोळीतली मुलंही कोणाची तरी मुलंच ना, लहानपणापासून याच खेळासाठी तयार केलेली, पण त्यांच्या बाजूनं एक पानही नाही.

कॉलिन्सनं सांगितलंय की टीव्हीवर चॅनल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो आणि दुसरीकडे युद्धाची दृश्यं दिसली, तिथून ही कल्पना आली. अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीटच्या राक्षसापुढे पाठवायचे, ती ग्रीक कथाही तिच्या मनात होती. पुस्तक २००८ चं. प्रेक्षकाचा भाग मला जबरदस्त वाटतो, स्पॉन्सर, म्हणजे मैदानात मदत पाठवणारा पैसेवाला प्रेक्षक, मिळावा म्हणून पीटाशी प्रेमाचं नाटक करायचं, कॅमेरा कुठून बघतोय याचा अंदाज घेत चेहरा सांभाळायचा, आणि शेवटी दोघांनी मिळून विषारी फळं तोंडात टाकायची तयारी करायची कारण विजेताच उरला नाही तर कॅपिटलचा तमाशा फसतो. इथे ती प्रेक्षकांनाच हत्यार करते. पण मग आपण पण पानं उलटत पुढे कोण मरणार हेच बघत होतो की नाही? मुलीशी बोलायचं तर इथून सुरू करा.

मानेवाड्याची_ताई:
काका, हेच होतं. केटोच्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याच गोष्टीचा नंतर त्रास होत होता.

काल रात्री जेवताना मुलीला विचारलं, की शेवटी रू आणि कॅटनिस दोघीच उरल्या असत्या तर? ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, लेखिकेनं म्हणूनच तिला आधी मारलं असणार. मी बघतच राहिले. मग टेसेराचं काढलं तर म्हणे ते मला वाचताना नीट कळलंच नव्हतं, मी पटापट पुढे गेले. उमरेडवाली ताई, तुमचा मेसेज तिला वाचून दाखवला, आता ती पहिली तीन प्रकरणं परत वाचून राहिली आहे.

दुसरा भाग, कॅचिंग फायर, कोणाकडे असेल तर सांगा, मानेवाडा, अयोध्यानगर, हनुमाननगर कुठेही येऊन घेऊन जाईन.